बाण मारणारी पोर

सायकलवर बसून मी उजवीकडं बघितलं की सायकल डावीकडं जायची, आणि डावीकडं बघितलं की उजवीकडं. आज हे सांगितलं तर नातवंडांना खोटं वाटतं. पण आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांच्या बांधावरच्या तुरीत मी सायकलसकट शिरलेली होते. पाटाच्या कडेचा रस्ता सरळ होता. समोर बघून मी बरी चालवायची. पण कुणी हाक मारली, एखादी बैलगाडी आली, पेरूच्या बागेतून राघूंचा थवा उठला, की मान वळायची आणि मान वळली की संपलंच. ज्या बाजूला बघितलं त्या बाजूचा हात आपोआप ताठ व्हायचा, दुसरा कोपरात मुडपायचा आणि हँडल भलतीकडं फिरायचं. मी मुद्दाम करते असं आधी सगळ्यांना वाटलं. मग मी वेंधळी आहे असं ठरलं. मलाही ते पटलेलं होतं, कारण वेंधळेपणाचा पुरावा घरभर पडलेला असायचा.

कपबशा माझ्या हातात कुणी देत नसे. स्वयंपाकघरात परात पडली, साखर कारखान्याचा भोंगा झाला, की माझे दोन्ही हात पंख फुटल्यासारखे उघडायचे आणि हातात असेल ते जमिनीवर. अक्काला बघायला पाहुणे आले तेव्हा आईनं मला मुद्दाम मळ्यात पाठवलं होतं, आणि अक्काचं लग्न त्यामुळंच ठरलं असं अक्का हसत हसत म्हणायची. परकराची नाडी कंबरेला लागली तरी मी वर्गात बसल्या जागी वळवळायची. अक्षराचं तर विचारायलाच नको. वही पार आडवी केल्याशिवाय मला लिहिता येत नसे. गुरुजी म्हणायचे, "शकुंतला, ही वही वाचायची का हिच्यावर झोपायचं?" पाढे मात्र तोंडपाठ, कविता तोंडपाठ. त्यामुळं गुरुजींना माझा नीट रागही येत नसे.

आमचं गाव राहात्यापासून दोन कोसांवर. गावातली शाळा सातवीला संपायची. पुढची शाळा राहात्याला, आणि एसटी यायची दुपारी बाराला, जेव्हा ती कुणाच्याच कामाची नसायची. मुलं सायकलवर जायची. मुली जायच्याच नाहीत. माझे वडील, अण्णा, स्वतः चौथी शिकलेले. पेरूची दोन एकर बाग आणि थोडी जिरायत. पण मी पुढं शिकावं हे त्यांनी कधी कुणाला न सांगता ठरवून टाकलं होतं. मी सातवीत असताना दिवाळीनंतर कारखान्यातल्या एका क्लार्कची बदली झाली, तेव्हा त्याच्या बायकोची जुनी लेडीज सायकल अण्णा घेऊन आले. हिरवी, मागं कॅरिअर असलेली. ती अंगणात उभी केली आणि आईकडं न बघता मला म्हणाले, "जूनपर्यंत ही आली पाहिजे. सायकल आली तर शाळा. न्हाई आली तर मग तुझी आई म्हनंल तसं." आई काय म्हणेल ते मला माहीत होतं. आई वाईट नव्हती. मामाच्या गावचं एक बरं स्थळ तिनं मनात धरून ठेवलं होतं, एवढंच.

त्याच हिवाळ्यात कुसुमअक्का पहिल्या बाळंतपणाला घरी आली आणि संक्रांतीनंतर तिला मुलगा झाला. घराचा वासच बदलला. ओवा-शेपांची धुरी, वेखंड, डिंकाच्या लाडवांचं तूप, आणि त्या सगळ्यावर बागेतून येणारा शेवटच्या पिकल्या पेरूंचा वास. ते वर्ष पावसानं हात आखडलेलं होतं. पाटाला पाणी कमी, रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापली की विटेसारखी दिसायची आणि गार झाली की लागायचीही तशीच. अण्णा ती दुधात कुस्करून खायचे आणि "साखर नको, हिच्यात मुळातच काही न्हाई" असं गंभीरपणे म्हणायचे. बाळंतिणीपुरती आईनं जुनी ज्वारी राखून ठेवली होती. अक्का त्यातली अर्धी भाकरी पदराखाली झाकून मला द्यायची, आणि आईला ते दिसत असूनही दिसत नसे.

बाळाला न्हाऊ घालायला सारजामावशी यायची. गावात तिच्या हातून तेल न लागलेलं माणूस शोधावं लागलं असतं. सरपंचांनाही तिनं पालथं घालून चोळलेलं होतं, आणि मिरवणुकीत ते घोड्यावर बसले तरी ती म्हणायची, "ह्याचे पाय मी सरळ केल्यात." उंच, वाळकी, कपाळावर मोठं गोंदण. पाय लांब करून पाटावर बसायची, बाळाला नडग्यांवर घ्यायची आणि कोमट तेल लावताना त्याच्याशी तक्रारीच्या सुरात बोलत राहायची. मी तिथून हलत नसे. शाळा सकाळची असली तर दप्तर टाकून धावत यायची. गरम पाण्याचा हंडा, बाळाचं रडणं, मग एकदम गप्प होणं, सगळं मला पाठ झालं होतं.

एकदा तिनं बाळाला उताणं ठेवलं आणि मान हलकेच उजवीकडं वळवली. त्याबरोबर त्याचा उजवा हात सरळ लांब झाला आणि डावा कोपरात दुमडून कानाशी गेला. तिनं मान डावीकडं फिरवली. आता डावा हात ताठ, उजवा दुमडलेला.

"बघितलं का?" मावशी म्हणाली. "बाण मारतोय. समद्ये मारत्यात. चार-सहा म्हैन्यांनी सोडून देत्यात."

"का मारतात?" मी विचारलं.

"आता देवाला इचार. आईच्या पोटातनं शिकून येत्यात. भांडं वाजलं की हात फेकत्यात, पाठीला बोट लागलं की कंबर वळवत्यात. मग एकेक इसरत जात्यात. इसरलं की पुढचं येतं. ह्यो बाण सोडंल तवा हात तोंडाकडं नेईल, कुशीवर वळंल."

मी हसले. बाळ हुबेहूब धनुष्य ओढल्यासारखं दिसत होतं. माझ्या मनात तेव्हा दुसरं काहीच आलं नाही. माणूस स्वतःला किती उशिरा ओळखतं याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

ओळखलं मावशीनं, आणि तेही शेणात. होळीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सणाआधी आई सगळं घर सारवून घ्यायची आणि पडवी माझ्याकडं होती. गुडघे टेकून, एका हातावर भार देऊन दुसऱ्या हातानं मी पोतेरं फिरवत होते. थकले म्हणून दोन्ही हात जमिनीवर टेकून जरा थांबले होते, तेवढ्यात उजव्या हाताला दारातून अक्कानं हाक मारली, "शके, बाळाचं लंगोट आण गं!" मी मान वळवून तिकडं बघितलं. डावं कोपर मोडल्यासारखं वाकलं आणि मी तोंडावर ओल्या शेणात. अक्का इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. आई आतून आली आणि तीही हसली. मीही हसत होते, नाकाला शेण लागलेलं.

मावशी हसली नाही. तेलाची वाटी तिनं खाली ठेवली.

"शके, तशीच ऱ्हा. पुन्यांदा इकडं बघ."

"पुन्हा पडेन की."

"पड. मी हाय."

मी बघितलं आणि पुन्हा पडले. मग तिनं दुसऱ्या बाजूला बघायला सांगितलं. आता उजवं कोपर गेलं. तिनं मला धुवायला लावलं, माझं पोलकं वर करून पाठीच्या कण्याशेजारून तेलाचं बोट ओढलं आणि माझी कंबर त्या बाजूला झटक्यानं वळली. तिनं पाठीमागं ताटलीवर पळी आपटली. माझे हात उघडले. मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि नवल वाटल्यासारखी म्हणाली, "पारू, ही पोर अजून बाण मारती गं!"

आईचं हसणं थांबलं. "म्हंजी?"

"म्हंजी तान्ह्या लेकराचं हिनं काय काय सोडलंच न्हाई. वेंधळी न्हाई ही. हिचं आंग हिच्या आधी वळतंय. रांगली व्हती का ही?"

आई पडवीच्या खांबाला टेकली. मग म्हणाली, "न्हाई. त्या साली बाग नवी हुती. मी दिसभर पानी धरायची, ही झोळीत. खाली ठेवायची भ्या वाटायचं, इंचू लई. बसायला लागली, सरकायला लागली आन् एक दिवस उभीच ऱ्हायली. आमी म्हनलं, लवकर चालली, गुनाची हाय." तिचा आवाज बारीक झाला. "आता काय म्हनायचं, सारजाबाई? माझ्यामुळं झालं का हे?"

"तसं कुठं म्हनतीय मी!"

"मग हे कुनापाशी बोलू नका. पोरीच्या अंगात काय तरी हाय असं गावात झालं तर हिला कोन करील?"

मावशीनं तेलाची वाटी उचलली. मी मात्र मनातून आनंदले होते. वेंधळी असणं म्हणजे माझाच दोष होता. बाण मारणं म्हणजे नुसतं राहून गेलेलं काही होतं, आणि बाळाला जे सोडता येतं ते मला का येऊ नये? दुसऱ्या दिवशी मी मावशीला तसं म्हणालेही. ती बाळाला टॉवेलात गुंडाळत होती. म्हणाली, "मग लावा शर्यत दोघं. बघू आधी कोन सोडतंय."

आईनं तोंडाला कुलूप घातलं होतं, आणि ते मीच उघडलं. चैत्रात बाळाला सर्दी झाली, रात्रभर फुसफुसायला लागलं, म्हणून अण्णांनी बैलगाडी जुंपली आणि आम्ही सगळेच राहात्याला निघालो. अक्काच्या हट्टानं मावशीही आली. तिथं एका डॉक्टरीणबाईंनी नुकताच दवाखाना काढला होता. लहान चणीच्या, चष्मा लावलेल्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी बाळाची छाती तपासली, औषध दिलं आणि मग सहज म्हणून त्याची मान एका बाजूला वळवून बघितली. बाळानं बाण मारला. "छान," त्या म्हणाल्या.

"मीपण असंच करते," मी म्हणाले.

आईनं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की त्याचा वळ दोन दिवस राहिला.

"काय करतेस?" बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

आता मागं फिरणं शक्य नव्हतं. मी सायकलचं सांगितलं, शेणाचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. खाली चटई अंथरली, मला हातापायांवर उभी केली, स्वतः माझं डोकं धरून सावकाश वळवलं. मग गुडघ्यांवर छोटी हातोडी मारली, एका पायावर उभं केलं, बोट नाकाला लावायला लावलं, डोळे बघितले. आई भिंतीला टेकून उभी होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"आजार काही नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "मुलगी धडधाकट आहे. तान्ह्या बाळांच्या काही हालचाली आपोआपच्या असतात, वर्षाच्या आत बहुतेक मावळतात. एखाद्या मुलात थोड्या मागं राहतात. पुष्कळदा कुणाच्या लक्षातही येत नाही. हिला मारलं असेल ना धांदरटपणाबद्दल?"

"मारलं न्हाई," अण्णा म्हणाले, "हसलो पुष्कळ."

"बाई," आईनं धीर केला, "ही रांगली न्हाई. मी ठेवली न्हाई खाली. त्यानंच झालं का?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडं नीट बघितलं. "रांगली नाही म्हणून हे राहिलं, की हे होतं म्हणून ती रांगली नाही, हे मला सांगता येणार नाही. कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही विंचवापासून लेकरू वाचवलंत, एवढं मला नक्की दिसतंय."

आईनं मान खाली घातली. गाडीत परत येताना ती बाळाला मांडीवर घेऊन गाणं गुणगुणली, तेव्हा मला कळलं की होळीपासून ती गुणगुणलेलीच नव्हती.

"पण हे ओळखलं कुणी?" बाईंनी विचारलं होतं. आम्ही सगळ्यांनी ओट्याकडं बघितलं. मावशी बाहेर पायरीवर बसून चपलेतला काटा काढत होती. बाईंनी तिला आत बोलावलं. मावशीला वाटलं, काही चुकलं. तिनं आधीच हात जोडले. "मी कायबी औशीद दिल्यालं न्हाई, बाई. नुसतं तेल."

"औषध नाही हो. कसं कळलं तुम्हाला ते सांगा."

"तेल लावताना हाताला कळतं की. कोनचं लेकरू कवा काय सोडतंय. एखादं लवकर सोडतं, एखादं रेंगाळतं. एवढी मोठी पोर मी बघितली नव्हती. पर बाण त्योच."

डॉक्टरीणबाईंनी तिला खूप प्रश्न विचारले. किती महिन्यांनी, आधी कोणती बाजू, कमी दिवसांच्या बाळांचं कसं. मावशी सांगत गेली, आधी दबकून, मग हात हलवून हलवून. बाहेर पेशंट खोळंबले. निघताना मावशीनं विचारलं, "हिला आता रांगवू का?"

"रांगवा. लोळू द्या, झाडावर चढू द्या. त्यानं वाईट काही होणार नाही. जाईलच अशी खात्री मी देत नाही. वयानंही जाईल कदाचित." आणि मग जरा थांबून, "तुम्ही गुरुवारी येत जाल का इथं? बाळं बघायला, माझ्याबरोबर?"

मावशीला ती थट्टाच वाटली. "मला सही येत न्हाई, बाई," असं म्हणत ती जी गाडीत चढली ती घर येईपर्यंत हसत होती.

पुढं नोकरीची तीस वर्षं मी हेच काम केलं, नगरच्या एका दवाखान्यात मुलांना व्यायाम शिकवण्याचं; निवृत्त झाले तरी अजून अधूनमधून जाते. आता या सगळ्याला लांबलचक नावं आहेत. आईबाप मोबाईलवर वाचून येतात, चेहरा उतरलेला असतो, आणि मूल खुर्चीवर वळवळत असतं. मी मुलाला हातापायांवर उभं करते, मान वळवते, कोपराकडं बघते. कधी कोपर वाकतं, कधी नाही. या व्यायामांनी नेमकं किती होतं याबद्दल शिकलेली माणसं अजून वाद घालतात, आणि खोटी आशा मी कुणाला लावली नाही. पण मूल मुद्दाम करत नाही, एवढं आईबापांना दाखवून दिलं की खोलीतली हवाच बदलते. ती मी दरवेळी बदलताना बघितली आहे.

तर मी रांगू लागले. वय वर्षं तेरा, सातवीची परीक्षा नुकती झालेली. सकाळी पडवीपासून मागच्या दारापर्यंत दहा खेपा, संध्याकाळी दहा. मावशीनं शिस्त लावली होती. उजवा हात पुढं तेव्हा डावा गुडघा पुढं, आणि घाई करायची नाही. मग हातापायांवर थांबायचं, पाठीवर पाण्यानं भरलेली वाटी ठेवायची आणि मान गोगलगाईसारखी वळवायची. कोपर वाकलं की वाटी कलंडून पाणी मानेवरून कानात. पहिला आठवडाभर माझं रोज आंघोळीआधी एक न्हाणं व्हायचं. शिवाय सारवण सगळं माझ्याकडं आलं. शेजारच्या दोन घरांतल्या बायकांना सुगावा लागला की पारूची शकी हल्ली आवडीनं सारवते, तेव्हा त्या गोड बोलून मला न्यायला लागल्या. आईनं तिसऱ्या घराला मात्र नाही म्हटलं. "शाळंची पोर हाय ती," असं तिनं म्हटलेलं मी दाराआडून ऐकलं. शाळेची. तो शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता.

आणि एका दुपारी आईनं मागचं-पुढचं दार लावून घेतलं, कडी घातली, लुगड्याचा ओचा वर खोवला आणि माझ्या शेजारी हातापायांवर उतरली. "चल," म्हणाली, "एकटीनं काय रांगायचं." अक्का बाळाला घेऊन माजघराच्या उंबऱ्यात बसली होती. आई मला म्हणाली, "तवा ऱ्हायलं ते आता." आणि आम्ही दोघी पडवी ते स्वयंपाकघर अशा निघालो. आईच्या बांगड्या जमिनीवर वाजत होत्या. कणगीला वळसा घालताना आमची टक्कर झाली, आई बसकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून हसायला लागली. तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात अण्णांनी कडी वाजवली. "दार का लावलंय? चोर आलेत का?" आई आतून ओरडली, "थांबा वाईच, आमी रांगतोय!" बाहेर कडीचा आवाज थांबला. मग अण्णा म्हणाले, "बरं. चालू द्या," आणि बाहेरच्या दगडावर बसून राहिले.

शर्यत बाळानं जिंकली. वैशाखात एके दिवशी मावशीनं त्याची मान वळवली, आणि दुसऱ्या बाजूचा हात दुमडायचं सोडून त्यानं सरळ तिच्या नाकातली चमकी पकडली. पुन्हा वळवली, तर दोन्ही हात मोकळे, हवे तसे. "सोडला की गं ह्यानं!" मावशी ओरडली. सगळ्यांनी बाळाचं कौतुक केलं. मीही केलं. मग गोठ्यामागं जाऊन थोडं रडले, कारण माझं कोपर अजून वाकत होतं. पूर्वीसारखं मोडून पडत नव्हतं, पण वाकत होतं. मावशी माझ्यामागं आली. समजूत घातली नाही. म्हणाली, "त्याला काम काय हाय दुसरं? दिसभर लोळतंय. तुला धा कामं. चल, वाटी आन."

ज्येष्ठात अक्का बाळाला घेऊन सासरी गेली. घर एकदम मोठं झालं. शाळेत नावं घालायला आठवडा उरला होता. अण्णांनी एका सकाळी सायकल पुसली, चाकांत हवा भरली आणि म्हणाले, "मी म्होरं पाटाच्या पुलावर जातो. तू मागनं ये."

मी निघाले. पाटात पाणी नव्हतं, तळाच्या गाळाला भेगा पडलेल्या. उजवीकडं आमची बाग, डावीकडं पाटाचा उतार. समोर बघून चालवत होते. अण्णा पुलावर दिसत नव्हते. अर्ध्या वाटेत बागेच्या कुंपणाआडून एकदम त्यांची हाक आली, "शकू!"

ते मुद्दाम लपले होते. मला ते कळायच्या आत माझी मान उजवीकडं वळलेली होती. अण्णा कुंपणात उभे, डोक्यावरची टोपी हातात, तोंड उघडं. मला त्यांच्या दाढीचे खुंटसुद्धा दिसले. उजवा हात ताठ व्हायला लागलेला मला कळला. आत काहीतरी जुनं हलल्यासारखं झालं. पुढचं चाक वीतभर डावीकडं गेलं. आणि थांबलं. मी अजून अण्णांकडंच बघत होते, आणि डावा हात माझा होता, मी म्हणेन तसा. मी त्याला सरळ धरलं. चाक परत रस्त्यावर आलं.

"काय अण्णा?" मी ओरडून विचारलं.

हाक मारून पुढं काय म्हणायचं ते त्यांनी ठरवलंच नव्हतं. "काही न्हाई," ते म्हणाले. "जा. जा म्होरं." पुलावरून वळून मी परत आले तेव्हा ते तिथंच उभे होते, टोपी अजून हातातच. घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, "उद्या राहात्याला जातो. नाव घालून येतो पोरीचं." आईनं भाकरी थापायचं थांबवलं नाही. एवढंच म्हणाली, "दाखल्यावर जन्मतारीख नीट बघा."

राहात्याच्या शाळेत आठवीच्या वर्गात आम्ही तीन मुली होतो. माझं अक्षर सुधारलं, पण फार नाही. भोंग्याला दचकणं राहिलं, अजून आहे. मी पहिल्या आठवड्यात घरी येताना दवाखान्यावरून जात असे, आणि एकदा डॉक्टरीणबाईंनी मला थांबवलं. "तुमच्या त्या मावशी आल्या नाहीत. मी खरंच बोलावलं होतं." मी ते मावशीला सांगितलं तेव्हा ती उखळापाशी बसली होती. मुसळ तिनं उखळातच सोडलं. "खरंच म्हनली का? लेकरं बघायला?" मग म्हणाली, "दोन कोस चालत जाऊन मी काय लेकरं बघनार? माझीच मालिश करावी लागंल."

गुरुवारी सकाळी ती आमच्या अंगणात उभी होती. धुवट लुगडं, केस चापून बसवलेले, हातात तेलाची बाटली. "बसू का मागं?" तिनं विचारलं. आईनं कॅरिअरवर पोत्याची घडी टाकली. मावशी दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसली, एका हातानं बाटली आणि दुसऱ्या हातानं माझी कंबर घट्ट धरून. तिचं बोट कमरेला लागलं तशी मी थोडी वळवळले, पण सायकल हलली नाही. गावातून जाताना लोक ओट्यावरून उठून बघायला लागले. सरपंच दात घासत होते, ते तसेच थांबले. मावशीनं त्यांच्याकडं बघून मान हलवली, जणू ती रोजच अशी जाते.

पाटाच्या रस्त्याला लागल्यावर तिला कंठ फुटला. डॉक्टरीणबाईंना काय काय सांगायचं ते ती मोजायला लागली. कुणाचं पोर पायाळू होतं, कुणाचं सातव्या महिन्याचं, कोण कधी कुशीवर वळलं. तिला आठवत होतं सगळं. मी ऐकत होते, विचारत होते, आणि विचारताना मागं वळून तिच्या तोंडाकडं बघत होते.

"अगं पुढं बघ की!" मावशी किंचाळली. "पाडतीस का काय मला!"

मी पुढं बघितलं. रस्ता रिकामा होता. मग एकदा उजवीकडं बागेत बघितलं, एकदा डावीकडं पाटात बघितलं, आणि पुन्हा एकदा मागं, पार तिच्या डोळ्यांत बघितलं. मावशी ओरडत होती आणि हसत होती, आणि सायकल सरळ राहात्याकडं चालली होती.